देहाची स्वस्थता आणि आत्म्याची शांती : हेसिखास्त परंपरेचा एक मागोवा

ध्यानास बसलेल्या मनुष्याचा श्वास हळूहळू मंद होतो. खांद्यांवरील ताण उतरतो, हातापायांत ऊब पसरते आणि काही काळ तरी आपण सर्वस्वी सुरक्षित आहोत, आपणास कशाचेही भय नाही, अशी एक गाढ जाणीव अंतःकरणात भरून राहते. श्वासाकडे आणि देहाकडे लक्ष वळविण्याच्या साधना आज सर्वत्र प्रचलित झाल्या असून आपल्या रिट्रीटगृहांतूनही त्या शिकविल्या जातात. त्यामुळे हा अनुभव घेऊन धर्मगुरूकडे येणाऱ्यांची संख्या थोडी नाही. त्यांतील कोणी भरल्या डोळ्यांनी सांगतो, 'फादर, आज मला देव भेटला.' त्याच रिट्रीटमधील दुसरा कोणी खाली मान घालून म्हणतो, 'फादर, मला काहीच जाणवत नाही, देवाने मला टाकले असावे.' तिसरा एखादा सज्जन या साधनाच ख्रिस्ती नव्हेत, त्या बंद कराव्यात, असे आग्रहाने सुचवितो.

पहिल्या दोघांची बोलणी परस्परविरुद्ध वाटली तरी दोघांच्या मुळाशी गृहीत एकच आहे : देहात उतरणारी शांती हीच देवाच्या सान्निध्याची खूण होय. तिसऱ्याचे गृहीत याच्या उलट आहे : देहाचा आणि देवाच्या भेटीचा काही संबंध नाही. ही दोन्ही गृहीते कितपत ग्राह्य आहेत, हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे आज प्रथमच उभा राहिलेला नाही. चौदाव्या शतकात बायझंटाईन साम्राज्यात याच प्रश्नावरून मोठा वाद झाला, धर्मपरिषदा भरल्या, माणसे तुरुंगात गेली. त्या इतिहासाचा मागोवा घेऊन आपल्या काळाला त्यातून कोणते मार्गदर्शन मिळते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. अरण्यातील शब्द

'हेसिखिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ निश्चलता, शांतता, स्वस्थता असा आहे. चौथ्या शतकात ईजिप्त, पॅलेस्टाईन आणि सिरिया येथील अरण्यांत जे तपस्वी राहू लागले, त्यांच्या जीवनध्येयाला हे नाव मिळाले आणि पुढे त्या मार्गाने जाणाऱ्यास 'हेसिखास्त' म्हणू लागले. ही निश्चलता प्रथमतः कोठडीत एकटे राहण्याची होती, नंतर जिभेची आणि अखेर विचारांची. तिचा सुखाशी जवळचा संबंध होता असे मात्र म्हणता येत नाही. एकांतात बसलेल्या तपस्व्याला सर्वप्रथम भेटत ते त्याचे स्वतःचे क्रोध, लोभ आणि कंटाळा. इ. स. ३९९ मध्ये ईजिप्तच्या अरण्यात निधन पावलेल्या एवाग्रियसने या विचारांचे बारकाईने वर्गीकरण केले. प्रार्थनेत एखादे रूप वा दृश्य दिसावे अशी इच्छाच साधकाने धरू नये, कारण अहंकार तेथूनच आत शिरतो, असे त्याचे सांगणे होते.

याच सुमारास सिरिया व मेसोपोटेमिया या प्रदेशांत 'मेसालियन' या नावाने ओळखला जाणारा एक पंथ पसरला. त्या सिरियाक नावाचा अर्थ केवळ 'प्रार्थना करणारे' एवढाच आहे. त्यांच्या विरोधकांनी केलेल्या नोंदींवरून असे दिसते की, बाप्तिस्म्याने मनुष्याच्या अंतरातील दुष्टशक्ती जात नाही, ती अखंड प्रार्थनेनेच जाते, आणि पवित्र आत्मा आला म्हणजे तो इंद्रियांना जाणवतो, असे त्यांचे म्हणणे होते. याचा अर्थ असा की, ज्याला जाणवले त्याला साक्रामेंतांची गरज उरली नाही आणि ज्याला जाणवले नाही तो ख्रिस्ती असूनही रिकामाच राहिला. इ. स. ४३१ च्या एफेसस येथील परिषदेने हे मत त्याज्य ठरविले. देहातील जाणीव हीच कृपेची मोजपट्टी मानण्याचा प्रकार इतका जुना आहे.

परंतु ख्रिस्तसभेने म्हणून जाणिवेलाच नाकारले, असे झाले नाही. पाचव्या शतकात ग्रीसमधील फोटिकी येथे बिशप असलेल्या डायडोकसने यातून मार्ग काढला. कृपेचा गोडवा आत्म्याला खरोखर जाणवतो आणि तो देहापर्यंतही झिरपतो, हे त्याने मान्य केले. त्याबरोबरच फसवा गोडवाही असतो, हे त्याने सांगितले. रात्रीच्या निवांत वेळी, साधक झोप आणि जागृती यांच्या सीमेवर असताना, एक मोहक सुख त्याला घेरते. त्या क्षणी त्याचे मन प्रभू येशूच्या नामस्मरणाला घट्ट धरून असेल तर फसवे सुख विरून जाते, अशी त्याची शिकवण आहे. ज्यांनी कधी ध्यान करता करता डुलकी घेतली आहे, त्यांना या निरीक्षणातील सूक्ष्मता सहज पटेल. पुढे सातव्या शतकात सिनाई पर्वतावरील मठाधिपती संत योहान क्लिमाकस यांनी येशूचे स्मरण श्वासाशी जोडण्याचा उपदेश आपल्या 'शिडी' या ग्रंथात केला. नाम आणि श्वास यांची गाठ येथे पडलेली दिसते.

२. आथोस पर्वतावरील आसन

देहाच्या विशिष्ट स्थितीसह केलेल्या प्रार्थनेचे सविस्तर वर्णन मात्र आपल्याला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळते. ग्रीसच्या उत्तरेस समुद्रात घुसलेल्या डोंगराळ भूशिरावरील आथोस हे त्या काळी मठवासीयांचे मोठे केंद्र होते. तेथे राहिलेला निकेफोरस हा संन्यासी मूळचा इटलीचा. त्याने 'जागृती आणि हृदयाची राखण' या विषयावर एक लहानसे पुस्तक लिहिले. साधकाने शांत जागी बसावे, मन गोळा करावे आणि श्वास ज्या वाटेने हृदयाकडे जातो त्या वाटेने मनालाही आत उतरवावे, अशी त्याची पद्धती आहे. मन हृदयात उतरले म्हणजे काय होते, हे सांगताना तो एक अत्यंत घरगुती दृष्टान्त देतो. दीर्घकाळ परगावी राहिलेला मनुष्य घरी परततो आणि बायकामुलांना पाहून त्याला आनंद आवरत नाही, तसे बाहेर भटकलेल्या मनाचे हृदयाशी पुनर्मीलन झाल्यावर होते, असे तो म्हणतो. सुरक्षिततेच्या भावनेचे याहून नेमके चित्र काढणे कठीण आहे. आपल्या मराठीतील 'स्वस्थ' हा शब्दही नेमके हेच सांगतो : जो 'स्व'मध्ये स्थित आहे, आपल्या ठिकाणी आहे, तो स्वस्थ.

तथापि निकेफोरस तेथे थांबत नाही. घरी आलेल्या मनाला रिकामे बसू देऊ नये, येशूला प्रभू आणि देवपुत्र म्हणून हाक मारून दयेची याचना करणारी लहानशी प्रार्थना त्याला सतत द्यावी, असे तो बजावतो. ज्यांना ही आत उतरण्याची युक्ती साधतच नाही, त्यांनीही केवळ ती प्रार्थना चिकाटीने करीत राहावी, म्हणजे हृदयाचे दार उघडेल, असा दिलासा तो देतो. युक्ती साधली नाही तरी प्रार्थना निष्फळ होत नाही, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

'प्रार्थनेच्या तीन रीती' हा याच काळाच्या आसपासचा दुसरा ग्रंथ. तो दीर्घकाळ संत सिमियोन 'नवे ईशज्ञानी' (९४९–१०२२) यांच्या नावावर चालत आला, पण तो त्यांचा नसावा असे आज अभ्यासक मानतात. कोठडीचे दार लावून कोपऱ्यात बसावे, हनुवटी छातीला टेकवावी, दृष्टी पोटाच्या मध्याकडे लावावी, श्वास आवरून धरावा आणि आत हृदयाचे स्थान शोधावे, अशा सूचना त्यात आहेत. आरंभी अंधार आणि दाट जडत्व यांखेरीज काही हाती लागणार नाही, चिकाटी धरल्यास अखंड आनंद लाभेल, असेही तो सांगतो.

या परंपरेचा आथोसवर खरा प्रसार केला तो सिनाईचे संत ग्रेगरी यांनी. १३४६ मध्ये ते निवर्तले. क्रीट बेटावर एका संन्याशाकडून त्यांनी ही प्रार्थना शिकून घेतली. आथोसला आल्यावर तेथील असंख्य मठवासीयांत तिची जाण असलेले मोजकेच आढळले, असे त्यांचे चरित्र सांगते. वीतभर उंचीच्या बैठकीवर वाकून बसावे, मान, खांदे व छाती यांत वेदना होतील, त्या सोसाव्यात, असा त्यांचा उपदेश आहे. आजच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. ज्या परंपरेला आपण गाढ शांतीची परंपरा म्हणतो, तिचे आसन आरामाचे नव्हते! स्नायू सैल करून सुख मिळविणे हा तिचा उद्देश असता तर ग्रेगरींनी साधकास वेदना सोसण्यास सांगितले नसते. आत वा बाहेर काही प्रकाश दिसला, काही आकृती दिसली, तर ती चटकन स्वीकारू नये, अनुभवी गुरूस विचारावे, असा इशाराही ते वारंवार देतात.

३. बार्लाम आणि पालामास

इ. स. १३३० च्या सुमारास दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांताचा बार्लाम नावाचा ग्रीक संन्यासी कॉन्स्टँटिनोपल येथे आला. तत्त्वज्ञान, गणित आणि खगोलशास्त्र या विषयांत तो निपुण होता. पुढे पेट्रार्क या विख्यात इटालियन कवीने त्याच्यापाशीच थोडे ग्रीक गिरविले. काही साध्याभोळ्या मठवासीयांकडून त्याला या प्रार्थनापद्धतीची माहिती मिळाली. मन नाकपुड्यांवाटे आत जाते, नाभीकडे पाहिल्याने प्रकाश दिसतो, अशी वर्णने ऐकून त्याला धक्का बसला आणि त्याने या मंडळींना 'नाभीत आत्मा असलेले' असे उपहासाचे नाव दिले.

बार्लामला केवळ खलपुरुष ठरविणे न्याय्य होणार नाही. देव मानवी बुद्धीच्या अतीत आहे आणि इंद्रियांना जाणवणाऱ्या गोष्टींशी त्याची गल्लत करू नये, ही त्याची चिंता खरी होती. मेसालियनांचे भूत पुन्हा उठते की काय, हे त्याचे भयही निराधार म्हणता येत नाही. त्याची चूक वेगळ्या ठिकाणी होती. प्रार्थना करणाऱ्याने मन देहापासून बाहेर काढले पाहिजे, देह हा प्रार्थनेतील अडथळाच होय, असे तो धरून चालला. देहाविषयीची ही तुच्छता सुवार्तेतून आलेली नसून प्लेटोच्या वारशातून आलेली होती.

त्याला उत्तर देण्याचे काम आथोसच्या मठवासीयांनी ग्रेगरी पालामास यांच्यावर सोपविले. पालामास यांचा जन्म १२९६ सालचा. त्यांचे वडील सम्राटाच्या दरबारी होते. विशीच्या सुमारास राजसेवेची वाट सोडून त्यांनी आथोसची वाट धरली. १३३८ ते १३४१ या काळात त्यांनी तीन-तीन प्रबंधांच्या तीन मालिका लिहिल्या. त्या 'त्रिके' या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील देहविषयक युक्तिवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने सारभूत आहे.

पालामास म्हणतात, देह वाईट नाही, त्यात वस्तीला आलेले पाप वाईट आहे. संत पौलाने आपल्या देहास पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे, मग मंदिरात मन ठेवण्यात लाज ती कसली? मन हे डोळ्यासारखे असून ते बाहेर पाहते, परंतु त्याला स्वतःकडे परतण्याचीही शक्ती आहे. नवशिक्याचे मन मात्र गोळा केले तरी पुन्हा निसटते. त्याला श्वासाचा आधार द्यावा, म्हणजे ते हळूहळू स्थिर होते. याला पालामास यांनी एक साधा पुरावा दिला आहे : मनुष्य कशावर गाढ विचार करू लागला की त्याचा श्वास आपोआप मंद होतो. म्हणजे देह आणि मन यांचे हे नाते कोण्या संन्याशाने शोधून काढलेले नाही, निर्मात्यानेच ते घडविले आहे. कर्मेल पर्वतावर पावसासाठी प्रार्थना करताना एलिया संदेष्ट्याने गुडघ्यांत डोके घातले होते (१ राजे १८:४२), याचीही ते आठवण देतात. भावनाशक्ती मारून टाकणे म्हणजे वैराग्य नव्हे, तर ती देवाकडे वळविणे म्हणजे वैराग्य, हे त्यांचे प्रतिपादन तर आजही मननीय आहे.

मात्र पालामास यांनी श्वासाच्या युक्तीस कोठेही कृपेचे कारण म्हटलेले नाही. युक्ती ही भटक्या मनासाठी, विशेषतः नवशिक्यांसाठी, आहे. देवाचा प्रकाश मात्र देवाची देणगी आहे, तो कोणत्याही आसनाने ओढून आणता येत नाही. या प्रकाशाचे स्वरूप सांगण्यासाठी त्यांनी देवाचे अगम्य सत्त्व आणि मानवाला सहभागी करून घेणारी देवाची अनिर्मित क्रियाशक्ती असा भेद मांडला. त्या भेदाविषयी पूर्व आणि पश्चिम येथील ईशज्ञान्यांत पुढे शतकानुशतके वाद चालला. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पाश्चात्य लेखकांनी प्रदीर्घ काळ या परंपरेकडे संशयाने पाहिले, परंतु १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिचा आदराने उल्लेख केला, एवढे नमूद करणे पुरे आहे.

१० जून १३४१ रोजी कॉन्स्टँटिनोपल येथील हागिया सोफिया महामंदिरात सम्राट तिसरा आंद्रोनिकस याच्या उपस्थितीत परिषद भरली आणि तिने पालामास यांची बाजू उचलून धरली. बार्लाम इटलीला परतला, रोमच्या ख्रिस्तसभेत सामील झाला, १३४२ मध्ये जेराचे येथे बिशप झाला आणि १३४८ मध्ये वारला. पुढे १३४७ आणि १३५१ च्या परिषदांनी पालामास यांच्या मताला पुन्हा दुजोरा दिला.

४. असुरक्षित काळातील शांती

ज्या माणसांनी हृदयातील घरी परतण्याची ही विद्या शिकविली, त्यांच्या वाट्याला बाहेर कोणती सुरक्षितता आली होती? निकेफोरसला सम्राट आठव्या मिखाएलाच्या धार्मिक धोरणास विरोध केल्यामुळे हद्दपारी भोगावी लागली. सिनाईच्या ग्रेगरींना तुर्की चाच्यांच्या धाडींमुळे आथोस सोडून थ्रेसमधील पारोरियाच्या रानात जावे लागले. १३४१ च्या परिषदेनंतर पाचच दिवसांत सम्राट मरण पावला आणि सहा वर्षे चाललेले गृहयुद्ध पेटले. त्या धामधुमीत पालामास तुरुंगात पडले, त्यांना बहिष्कृतही करण्यात आले. १३४७ मध्ये सुटका होऊन ते थेसालोनिकीचे आर्चबिशप नेमले गेले, परंतु शहर बंडखोरांच्या ताब्यात असल्याने त्यांना १३५० पर्यंत तेथे पाऊल टाकता आले नाही. १३४७ सालीच प्लेगची भयंकर साथ कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली. १३५४ मध्ये समुद्रप्रवासात असताना पालामास तुर्कांच्या हाती सापडले आणि सुमारे एक वर्ष आशिया मायनरमध्ये बंदी राहिले. त्या बंदिवासातही त्यांनी मुसलमान विद्वानांशी धर्मसंवाद केला आणि आपल्या लोकांना पत्र लिहिले. १३५९ मध्ये त्यांचे निधन झाले व १३६८ मध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

या हकिगतीचा आमच्या मते एक अर्थ आहे. हेसिखास्तांची शांती ही सुरक्षित परिस्थितीचे फळ नव्हती, तशीच ती परिस्थितीपासून पळ काढण्याची जागाही नव्हती. कोठडीतून निघून पालामास वादात उतरले, तुरुंगात गेले आणि आपल्या मेंढरांची काळजी वाहत राहिले. ज्या शांतीमुळे मनुष्याला प्रेमाखातर असुरक्षितता पत्करता येते, तीच ख्रिस्ती शांती, असे त्यांचे जीवन सांगते.

५. पश्चिमेने घेतलेली परीक्षा

पश्चिमेकडील ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाला तोंड द्यावेच लागले. लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात प्रत्येक श्वासाबरोबर प्रार्थनेचा एकेक शब्द मनात धरण्याची रीत सांगितली आहे आणि गुडघे टेकून, पालथे पडून, उताणे निजून, बसून वा उभे राहून, ज्या स्थितीत इष्ट ते लाभेल त्या स्थितीत राहण्याची मोकळीकही दिली आहे. परंतु त्याच ग्रंथात सांत्वनाची पारख करण्याचे नियम आहेत. गोड वाटणारे प्रत्येक सांत्वन देवाकडूनच येते असे नाही. त्याचा आरंभ, मध्य आणि शेवट तपासावा, आणि शेवटी ते मनुष्याला कोठे नेऊन सोडते हे पाहावे, असा त्यांचा दंडक आहे.

आविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ मध्ये लिहिलेल्या 'अंतरीचा किल्ला' या ग्रंथात तर हा विषय विलक्षण व्यवहारज्ञानाने हाताळला आहे. शांतीच्या प्रार्थनेचे वर्णन करताना त्या सांगतात की, काही नाजूक प्रकृतीच्या भगिनी उपासतापास आणि जागरण यांनी अशक्त होतात, प्रार्थनेत थोडे सुख वाटताच अंग सैल सोडतात आणि त्या गुंगीलाच समाधी समजतात. एक व्यक्ती आठ आठ तास अशी पडून राही. तिला शुद्ध असे, पण देवाविषयी काहीच जाणीव नसे. तिचे पापनिवेदक धर्मगुरूही फसले. अखेर एका जाणत्या व्यक्तीने तिला पोटभर जेवावयास, झोप घ्यावयास आणि तप कमी करावयास लावले, तेव्हा ती 'समाधी' नाहीशी झाली! ही हकिगत प्रत्येक रिट्रीट-मार्गदर्शकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

याच्या शंभर वर्षांनी रोममध्ये मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूचे 'आध्यात्मिक मार्गदर्शक' (१६७५) हे पुस्तक गाजले. आत्म्याने पूर्णतः निष्क्रिय व्हावे, मोहाला प्रतिकार करण्याचीही धडपड करू नये, या टोकाला त्याची शिकवण गेली, असा ठपका त्याच्यावर आला. १६८५ मध्ये त्याला अटक झाली, १६८७ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी त्याची ६८ विधाने त्याज्य ठरविली आणि १६९६ मध्ये तो कैदेतच मेला. या प्रकरणाचा एक दुष्परिणाम असा झाला की, त्यानंतर मौन प्रार्थनेचे नाव काढले तरी पश्चिमेत संशय उत्पन्न होऊ लागला. एका टोकाला घाबरून दुसऱ्या टोकाला जाण्याची ही मानवी रीतच आहे.

६. आपल्या दारी

पूर्वेकडे ही परंपरा १७८२ साली व्हेनिस येथे छापलेल्या 'फिलोकालिया' या ग्रीक संग्रहामुळे जिवंत राहिली. रशियन भाषेत तिचा प्रसार करणाऱ्या बिशप थिओफान (१८१५–१८९४) यांनी श्वास व आसन यांविषयीच्या सूचना आपल्या अनुवादातून मुद्दाम गाळल्या. गुरूवाचून केलेल्या अशा साधनेने मनुष्य देहातील उबेलाच कृपा समजून बसेल, ही त्यांची भीती होती.

विसाव्या शतकात देहाची शांती हा विज्ञानाचाही विषय झाला. अमेरिकन वैद्य हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये विश्रांतीच्या शारीरिक प्रतिक्रियेवर लिहिलेल्या पुस्तकात आथोसच्या प्रार्थनेचाही दाखला घेतला. २००१ साली इटलीतील ल्युचिआनो बर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींचा अभ्यास करून असे दाखविले की, लॅटिनमधून रोझरी म्हटली काय किंवा योगमंत्र म्हटला काय, दोहोंनी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावते आणि हृदयाच्या लयीवर हितकर परिणाम होतो. पालामास यांच्या निरीक्षणाला मिळालेली ही पुस्ती आहे. त्याचबरोबर यातून हेही निष्पन्न होते की, ही स्वस्थता देहाच्या रचनेतच आहे. ती ख्रिस्ती, बौद्ध, हिंदू आणि नास्तिक या सर्वांना सारखीच लाभते. जी वस्तू निर्मितीची देणगी म्हणून सर्वांना मिळाली आहे, तिला आपण श्रद्धेचे प्रमाणपत्र कसे मानणार?

आपल्या प्रांतात हा विषय आणला तो मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी. त्यांच्या साधना संस्थेचे कार्य पुण्यात सुरू झाले व पुढे लोणावळ्यास गेले. १९७८ साली आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशनाने छापलेले त्यांचे 'साधना' हे इंग्रजी पुस्तक देहातील संवेदना आणि श्वास यांच्या जाणिवेपासून आरंभ करून साधकाला ख्रिस्ताच्या सान्निध्यापर्यंत नेते. १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. १९९८ मध्ये रोमच्या श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी सूचनापत्र काढले. आरंभीच्या ग्रंथांत पौर्वात्य प्रभाव असूनही ते ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत असल्याचे त्याने नमूद केले आणि नंतरच्या काही विधानांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला.

त्याच मंडळाने ऑक्टोबर १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना जे पत्र पाठविले, त्यात आमच्या प्रश्नाचे जवळजवळ थेट उत्तर आहे. श्वासाच्या लयीवर केलेली येशूनामाची प्रार्थना अनेकांना साहाय्यक ठरू शकते, हे ते मान्य करते. काही शारीरिक साधनांमुळे आपोआप विश्रांती, प्रसन्नता, प्रसंगी प्रकाश व उबेची जाणीवही उत्पन्न होते, हेही मान्य करते. पण या जाणिवांनाच पवित्र आत्म्याचे खरे सांत्वन समजणे ही चुकीची वाट आहे आणि साधकाचे नैतिक जीवन तसे नसताना त्यांना गूढानुभवाचा अर्थ देणे हे मनाला दुभंगणारे आहे, असा त्याचा इशारा आहे.

७. एकाच देहाच्या दोन रात्री

आता आरंभीच्या तिघांकडे वळू. साधनांना सरसकट अख्रिस्ती म्हणणाऱ्या सज्जनाला आम्ही बार्लामची आठवण देऊ. शब्द देही झाला, असे मानणाऱ्या धर्माला देहाची लाज वाटणे शोभत नाही. थकलेल्या, धास्तावलेल्या मनुष्याला श्वासाच्या आधारे थोडी स्वस्थता लाभली तर ती निर्मात्याची भेट म्हणून कृतज्ञतेने घ्यावी.

'देव भेटला' म्हणणाऱ्याचा आनंद आम्ही हिरावून घेणार नाही. त्याला एवढेच विचारू : घरी गेल्यावर काय झाले? भावाशी असलेला जमिनीचा तंटा मिटवावासा वाटला काय? आजारी सासूची सेवा थोडी हलकी झाली काय? अनुभव पुन्हा यावा याचीच ओढ लागली, की देव जेथे धाडील तेथे जाण्याची तयारी झाली? ज्या शांतीमागून नम्रता, पश्चात्ताप आणि प्रेम येतात ती कोठून आली हे सांगावे लागत नाही.

आणि ज्याला काहीच जाणवत नाही, त्याच्यापाशी आम्हांला सर्वांत अधिक वेळ बसावेसे वाटते. कित्येकांच्या बाबतीत डोळे मिटून देहाकडे लक्ष देताच शांती येण्याऐवजी धडकीच भरते. विश्रांतीच्या साधनांनी काहींची अस्वस्थता उलट वाढते, हे मानसशास्त्रज्ञांनीही नोंदविले आहे. ज्याने लहानपणी मार खाल्ला, ज्या स्त्रीच्या देहावर अत्याचार झाला, तिच्यासाठी देह हे सुरक्षित घर राहिलेले नसते. अशा व्यक्तीला 'अजून खोल जा' असे सांगणे ही क्रूरता होय. तिला डोळे उघडे ठेवू द्यावेत, चालत चालत रोझरी म्हणू द्यावी, गरज पडल्यास जाणत्या वैद्याकडे सोपवावे. तिची श्रद्धा उणी आहे, असे मात्र तिला कधीही वाटू देऊ नये. निकेफोरसने युक्ती न साधणाऱ्यांसाठीही प्रार्थनेचे दार उघडे ठेवले होते, ते आपण का लावावे?

शुभवर्तमानांत येशूच्या देहाच्या दोन रात्री वर्णिल्या आहेत. एके रात्री सरोवरावर वादळ उठले असताना तो होडीत उशीवर डोके टेकून गाढ झोपला होता (मार्क ४:३८). दुसऱ्या रात्री गेथशेमाने बागेत तोच देह व्याकुळ झाला आणि रक्ताच्या थेंबांसारखा घाम त्यातून गळू लागला (लूक २२:४४). देहाची शांती हीच देवाच्या सान्निध्याची खूण असती, तर पहिल्या रात्री पिता जवळ होता आणि दुसऱ्या रात्री दूर गेला, असे म्हणावे लागले असते. असे कोणता ख्रिस्ती मनुष्य म्हणेल? दोन्ही रात्री पुत्र पित्याच्याच हाती होता. होडीतील झोप लाभली तर आभार मानावेत. बागेतील घाम वाट्याला आला तर त्या वेळीही आपण त्याच हातांत आहोत, हे विसरू नये. आमच्याकडे मान खाली घालून आलेल्या बांधवाला सांगण्यासारखे आमच्यापाशी याहून अधिक काही नाही, आणि याहून अधिकाची त्याला गरज असेल असे आम्हांस वाटत नाही.